खरेदीचा काटा

पेणच्या दामूशेठने माझ्या वडिलांना वालाच्या वजनात फसवलं आणि मला माझ्या स्वतःच्या वजनात. दोन्ही फसवणुकी एकाच काट्यावर झाल्या. दामूशेठ आता हयात नाहीत, त्यांच्या वखारीच्या जागी तयार कपड्यांचं दुकान झालंय. तरी मी हे लिहितेय, कारण त्या काट्याची दांडी ज्याच्या हातात असायची तो माणूस अजून पेणमध्ये आहे, रोज सकाळी फिरायला जातो, आणि रोह्याला माझ्या दुकानी आला की साखर जास्त घातलेला चहा पिऊन जातो.

आमचं घर गडबला, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. भाताची कापणी झाली की त्याच ओल्या जमिनीत वाल पेरायचा, असा आमचा क्रम. घरात कायम दोन आवाज असायचे. एक हायवेवरच्या ट्रकांचा, आणि दुसरा आईचा. तिसरा आवाज माझा असं आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे. ते स्वतः मात्र दिवसभरात जेमतेम चार वाक्यं बोलायचे आणि त्यातली दोन बैलांशी. सकाळी तव्यावर तांदळाची भाकरी टम्म फुगायची, तिच्यासोबत सुक्या जवळ्याची चटणी. दुपारी वालाचं बिरडं. मोड आलेले वाल सोलायला मी आणि आई समोरासमोर बसायचो, आणि सोललेल्या वालाचा तो कडवट वास संध्याकाळपर्यंत बोटांना राहायचा. आई शेजारणींना वाल पायलीच्या मापाने द्यायची. दोन शेतांतले वाल आले की ती एकच पायली दोनदा भरायची आणि हातात उचलून बघायची. "माप तेच हाय, पण ह्यो भारी लागतो. ह्यो दाणा भरलेला," म्हणायची. मग दाणा दाताखाली फोडायची. ओला असला तर तसाच भारी लागतो, म्हणून. ही तपासणी मी पुढे जन्मभर करत आले, आणि त्यातूनच पोट भरलं.

मी अंगाने भरलेली होते. आमच्याकडे माणसाच्या वजनाबद्दल बोलायला तेव्हा दोनच शब्द होते. कोणी भेटलं की एक तर "सुकलीस गो" म्हणायचं, नाहीतर "सुटलीस गो". त्यांच्या मधली एखादी जागा असते, जिथे माणूस फक्त बरा असतो, हे कोणाच्या गावीच नव्हतं. माझी मावशी एका जत्रेत मला सुकलेली म्हणाली आणि पुढच्याच लग्नात सुटलेली, आणि मध्ये माझ्या परकराचं नाडं एक गाठ इकडेतिकडे झालं नव्हतं. मी तेव्हा तिला तसं बोलून दाखवलं. मावशी वर्षभर बोलली नाही. आता साठी ओलांडल्यावर मला ती आठवते, कारण माझ्या दुकानात येणाऱ्या बायका अजूनही एकमेकींना हेच दोन शब्द म्हणतात, फक्त आता हातात मोबाइल असतो आणि त्यात पावलं मोजलेली असतात.

पेणला शाळेत जायला लागले तशी मी कबड्डीत पडले आणि शाळा संपली तरी त्यातच राहिले. डाव्या कोपऱ्यात उभी राहायचे. समोरची चढाईला आली, तिचा पाय माझ्या टप्प्यात आला, की घोटा धरायचा आणि सोडायचा नाही, एवढीच माझी विद्या. आमच्या मुलींच्या संघाला शिकवायचे ते नाना. उंच, काटक, गळ्यात शिट्टी, आणि बोलायला गोड. ते दामूशेठच्या वखारीत मापाडी होते. शेतकऱ्यांचा माल काट्यावर चढवायचा, दांडी सरळ करायची आणि आकडा ओरडायचा, हे त्यांचं काम. संध्याकाळी तेच नाना मैदानावर आमचे गुण ओरडायचे, त्याच आवाजात.

त्या वर्षी रोह्याला मुलींच्या वजनी गटाच्या स्पर्धा लागल्या. एक गट पन्नास किलोचा, दुसरा पंचावन्नचा. आमच्या संघाने दोन्हीकडे नावं दिली. पंचावन्नच्या गटात कोपऱ्यात खेळायला नानांकडे दोन मुली होत्या. पन्नासच्या गटात एकही नव्हती. जिंकणाऱ्या संघातल्या मुली जिल्ह्याच्या निवडीला जाणार होत्या. मला जिल्ह्याकडून खेळायचं होतं. दुसरं काहीही मला तेव्हा नको होतं. लग्नाचं बोलणं निघालं की मी सांगायचे, आधी जिल्हा.

नानांनी आम्हा सगळ्यांना वखारीत बोलावलं आणि दाराजवळच्या काट्यावर एकेकीला उभं केलं. वखारीत काटे दोन होते. दाराजवळचा शेतकऱ्याकडून माल घ्यायचा, आतला गिऱ्हाइकाला माल द्यायचा. मला तेव्हा वाटायचं, गर्दी होऊ नये म्हणून दोन ठेवले असतील. माझं वजन निघालं साडेएक्कावन्न.

"दीड किलो उतरव, शालन," नाना म्हणाले. "मग बघ, पन्नासच्या गटात तुझ्या हाताला लागेल अशी पोरगी रोह्यात सापडायची नाय."

"आणि नाय उतरलं तर?"

"तर बाकावर बस नि टाळ्या वाजव."

दीड किलो म्हणजे काय, एवढा वाल मी एका हाताने उचलते, असं मनात म्हणून मी घरी गेले. पण स्वतःच्या अंगातून दीड किलो काढणं हे गोणीतून काढण्यासारखं नसतं. मी भात सोडला. मग भाकरी अर्धी केली. दुपारी आईचा बिरड्याचा टोप उतरला की मी गोठ्यात जाऊन बसायचे, वास यायला नको म्हणून. आई पहिले काही दिवस विचारायची, मग रडवेली झाली, मग चिडली. "कोणी सांगितलं गो तुला, उपाशी मरून गडी आडवा होतो म्हणून?" आबा एका रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "बैलाला वैरण तोडून नांगर ओढायला लावत नाय कोण." माणसांसाठीची त्यांची दोन्ही वाक्यं त्या एकात संपली.

आणि दिवस नेमके पोपटीचे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. थंडी सरता सरता वालाच्या कोवळ्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी असं सगळं मडक्यात भरायचं, वर-खाली भांबुर्डीचा पाला दाबायचा, मडकं उलटं करून भोवती गवत-काटक्या पेटवायच्या. शेतात सगळी मंडळी गोल बसतात. मडकं फोडलं की पहिला पाल्याचा वास येतो, मग शेंगांचा, मग कोंबडीचा. त्या वर्षी माझ्या डोळ्यांदेखत अशा किती पोपट्या झाल्या आणि मी एका शेंगेला हात लावला नाही. माझा भाऊ मुद्दाम माझ्या बाजूला बसून अंडं सोलायचा. एकदा मी ते अंडं हिसकून त्यालाच फेकून मारलं, आणि मग रडले. अंडं वाया गेलं म्हणून.

दाराजवळच्या काट्यावर मी शेवटच्या वेळी चढले तेव्हा नाना ओरडले, "साडेएकोणपन्नास." मी वखारीतच नाचले. मैदानावर मात्र पायात काही उरलं नव्हतं. घोटा हाती यायचा आणि निसटायचा. नाना म्हणाले, "जेवशील तेव्हा येईल ताकद. आधी वजन होऊन जाऊ दे." एसटीत बसून रोह्याला जाताना ते पुढच्या सीटवरून वळून आणखी एक वाक्य बोलले. "तिथं काय, वजन नुसतं डोळ्यांनी करतात." तेव्हा ते मला धीर दिल्यासारखं वाटलं.

रोह्याला वजन डोळ्यांनी केलं नाही. मैदानाच्या कडेला मांडव घातला होता, आत दवाखान्यातून आणलेला काटा आणि एक तरुण डॉक्टरबाई. केस घट्ट वेणीत, बोलणं शांत. त्यांनी आधी रिकाम्या काट्याची दांडी बघितली. ती एका बाजूला कललेली होती. एक स्क्रू फिरवून त्यांनी ती मधोमध तरंगायला लावली, मगच पहिलीला बोलावलं. हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. वखारीत रिकामा काटा काय दाखवतो हे कधी कोणी बघितलंच नव्हतं.

आमची कमल पेणला त्रेचाळीस होती, इथे सेहेचाळीस भरली. दुसरी सत्तेचाळीस होती, ती पन्नासच्या काठावर आली आणि थोडक्यात वाचली. मी चढले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "साडेबावन्न."

"तुमचा काटा चुकतोय," मी म्हटलं.

त्यांनी मला उतरवून रिकामी दांडी पुन्हा दाखवली. मधोमध. मी पुन्हा चढले. साडेबावन्न. मागे रांगेत रोह्याच्या मुली होत्या. त्यातली एक म्हणाली, "गोणी उतरवून ठेव गो, मग चढ." सगळ्या हसल्या. आणि नाना, ज्यांनी दोन दिवसांपूर्वी स्वतःच्या तोंडाने माझा आकडा ओरडला होता, ते सगळ्यांसमोर म्हणाले, "काय खाल्लंस काल? तोंडाला कुलूप लाव म्हणून किती सांगितलं तुला."

मी गिळायचे तेवढे शब्द गिळले. फार नव्हते गिळले. मग नाना म्हणाले, अजून तासभर आहे, स्वेटर घाल नि पळ, घामाने उतरेल. मी दोन मुलींचे स्वेटर अंगावर चढवून मैदानाभोवती पळायला लागले. सकाळपासून पोटात पाणीही नव्हतं. मैदान थोडं वाकडं झालं, मग बरंच वाकडं झालं, आणि मी मांडवाच्या खांबाला धरून बसले.

डॉक्टरबाईंनी स्वेटर काढायला लावले आणि मीठ-साखरेचं पाणी पाजलं. नाना म्हणाले, "पाणी नको, बाई, वजन वाढेल." बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते मांडवाबाहेर गेले.

"वय काय तुझं?" त्यांनी मला विचारलं.

"अठरा सरली."

"मग ठीक. लहान मुलांचा हिशेब वेगळा असतो, वयाप्रमाणे बदलतो. भिंतीला टेकून उभी राहा." त्यांनी माझी उंची घेतली. एक मीटर पंचावन्न सेंटिमीटर. मग म्हणाल्या, "नुसत्या वजनावरून माणूस जाड की बारीक ते कळत नाही. उंच बाईचं साडेबावन्न वेगळं, बुटकीचं वेगळं. म्हणून किलोला उंचीने भागायचं, मीटरमध्ये, आणि आलेल्या आकड्याला त्याच उंचीने पुन्हा एकदा भागायचं."

"दोनदा कशाला?"

"उंची वाढली की माणूस एका बाजूने वाढत नाही ना. रुंदीही वाढते."

त्यांनी भागाकार करून दाखवला. बावीसच्या जरा खाली. "साडेअठराच्या खाली गेलं तर अंग कमी पडतंय. पंचविसाच्या वर गेलं तर जास्त झालंय. तू मधे आहेस. तू जाड नाहीस आणि बारीकही नाहीस. तुझं वजन चांगलं आहे. उतरवायला नकोच होतं."

मला आई आठवली. पायली तीच, मग हातात उचलून बघ. उंची म्हणजे माझी पायली. मी बाईंना तसं सांगितलं, आणि विचारलं, "पण दाणा ओला असला तर? मग पण भारी लागतो की."

त्या हसल्या. "बरोबर. खेळणाऱ्या मुलीचं अंग स्नायूंनी भरतं, तेही वजनात येतं. हा आकडा चरबी कुठली नि स्नायू कुठला ते सांगत नाही. दाणा फोडून बघावाच लागतो."

सुकलीस आणि सुटलीस यांच्या मधली जागा मला त्या मांडवात पहिल्यांदा मिळाली. मी तिथे बसून दुसरा पेला पाणी प्यायले आणि आमचा सामना बघितला. माझ्या कोपऱ्यात कमल उभी होती. ती बिचारी चांगली खेळली, पण तिने घोटा धरलेला असतानाच समोरच्या धिप्पाड मुलीने तिला मध्यरेषेपलीकडे ओढत नेलं. आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर. आमचा पंचावन्नचा संघ मात्र जिंकला. त्यात मी साडेबावन्नने, नाहीतर पोपटी खाऊन साडेचोपन्ननेही, बसले असते. त्या संघातल्या दोघी पुढे जिल्ह्याकडून खेळल्या.

परत येताना कोलाडला एसटी बदलायची होती. नाक्यावरच्या हॉटेलात मी मिसळ, मग वडे, मग पुन्हा मिसळ खाल्ली. नाना दुसऱ्या बाकावर बसले होते. मी त्यांना ऐकू जाईल असं कमलला म्हटलं, "रोह्याला आपण सगळ्याच तीन-तीन किलोंनी कशा वाढलो गो? सगळ्यांनीच काल चोरून खाल्लं काय?" कमल म्हणाली, "मी तर नाय खाल्लं." नानांनी चहाचे पैसे दिले आणि बाहेर जाऊन एसटीची वाट बघत उभे राहिले.

पुढे शिमग्याच्या आधी आबांचा नवा वाल विकायला निघाला. मी टेम्पोत गोण्यांवर बसून पेणला गेले. वखारीत गर्दी होती. गडब, नागोठणे, आजूबाजूची शेतकरी मंडळी आपापल्या गोण्यांपाशी उभी. दामूशेठ गादीवर. नाना काट्यापाशी. आबांची पहिली गोणी चढायच्या आत मी चप्पल काढली आणि काट्यावर चढले.

"उतर गो खाली," आबा म्हणाले.

"नाना, वाचा."

नानांनी वाचलं नाही. मग मीच ओरडले, "एक्कावन्न." उतरले, आतल्या काट्याकडे गेले, तिथे चढले. "साडेपंचावन्न. दारातून आत येईपर्यंत साडेचार किलो वाढले मी. शेठ, तुमच्या वखारीत हवा खाल्ली तरी अंगाला लागते."

दामूशेठ म्हणाले, "थंडीनं काटा आखडतो पोरी."

"मग दारातलाच कसा आखडतो? आतला का फुगतो?"

नागोठण्याचा एक म्हातारा पुढे आला आणि काठीसकट दारातल्या काट्यावर चढला. मग आत गेला. मग दुसरा. मग सगळेच. वाल राहिला बाजूला. अर्धा तास वखारीत माणसंच मोजली जात होती, आणि जो उतरेल तो आपले दोन आकडे ओरडायचा. एक जण म्हणाला, "बायको मला सुकलात म्हणते ती दारातल्या काट्याची, नि सासू सुटलात म्हणते ती आतल्याची." माझे आबा, जे कधी हसत नसत, ते गोणीवर बसून डोळे पुसत होते. शेवटी शेठ स्वतः चढले. आतल्या काट्यावरचा आकडा त्यांनी कोणाला सांगितला नाही.

त्या दिवशी सगळ्यांचा वाल आतल्या काट्यावर मोजला गेला. शेठनी मला कैदाशीण म्हटलं. मी त्यांना काय म्हटलं ते आईने वाचलं असतं तर रागावली असती, म्हणून लिहीत नाही. त्या हंगामापासून लोक माल विकायला जाताना मला सोबत नेऊ लागले. मी आधी रिकामा काटा बघायचे, मग दराचं बोलायचे. पुढे मीच वाल घेऊ-विकू लागले, आणि रोह्याला माझं दुकान उभं राहिलं. माझ्याकडे काटा एकच आहे, दारात.

आता माझाच तो भागाकाराचा आकडा सव्वीसच्या पुढे गेलाय, आणि आताचे डॉक्टर सांगतात की आपल्याकडच्या माणसांनी तेविसाच्या आतच राहावं, कारण आपली चरबी पोटावर बसते नि साखर लवकर चढते. डॉक्टरांनी कंबरेला फीत लावली आणि सांगितलं, "काकू, सात-आठ किलो कमी करा."

"तीन करते."

"हा बाजार नाही."

"बरं, चार. आणि संध्याकाळी चालते. भात अर्धा, पण बिरडं सोडणार नाही."

"बिरडं खा, चांगलं असतं. चार झाले की पुन्हा या, मग पुढचं बघू." असा सौदा झाला. दोन किलो उतरलेत. यावेळी उपाशी राहून नाही, आणि पोपटीला गेले होते.

तर दामूशेठ गेले. त्यांनी काटा खोटा ठेवला, शेतकऱ्याला लुबाडायला ठेवला, त्यात मी वाटेत सापडले. त्यांचा माझा हिशेब त्या दिवशी वखारीत मिटला. पण नाना, तुमचं काय? तुम्ही त्या काट्यापाशी वर्षानुवर्षं रोज उभे होतात. आतला वेगळा नि दारातला वेगळा हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? तुम्हाला पन्नासच्या गटात कोपरा हवा होता आणि तुम्हाला वाटलं रोह्याला कोणी वजन करणार नाही, म्हणून तुम्ही मला त्याच काट्यावर चढवलंत, उपाशी ठेवलंत, आणि मांडवात सगळ्यांसमोर मलाच खादाड ठरवलंत. विचारलं की तुम्ही म्हणता, "जुनं काय काढतेस गो, चहा आण." चहा आणते. पण या खेपेला पेला हातात देण्याआधी मला उत्तर पाहिजे. माहीत होतं की नाही? व्हय म्हणा नाहीतर नाय म्हणा, आणि कमलसमोर म्हणा.